फट

पश्चिमेची खिडकी फणसाच्या लाकडाची.
पावसात फुगते, मग खांदा लावून उघडावी लागते,
दिवाळीनंतर अशी आकसते
की दोन फळ्यांमधून बंदरावरचा लाल दिवा दिसतो,
विझतो, दिसतो.

मी काय काय कोंबलं त्या फटींत.
जुन्या दिनदर्शिकेचे महिने, घडी करकरून:
गेल्या वर्षीचा आश्विन, त्याच्या आदल्या वर्षीचा फाल्गुन.
दुधाच्या पिशव्या.
माझ्या निळ्या साडीचा काठ.
मेणबत्त्यांची बुडखं वितळवून ओतली,
ती दुपारच्या उन्हात ओघळून
कडाप्प्यावर पांढरी साकळली.
वारा मात्र रोज नवी वाट काढून आत.
आबा रात्रभर खोकायचे.
डॉक्टर म्हणाले, छातीत खारी हवा जाऊ देऊ नका.
देवगडात राहून!

शेवटी बाबल मेस्ताला बोलावलं.
फायबरच्या होड्या आल्यापासून
त्याच्या हातोडीला काम उरलेलं नाही.
आला तो काथ्या घेऊन, राळ, उंडीचं तेल,
आणि बोथट छिन्नी, तिची मूठ त्याच्या तळव्याच्या आकाराची.
माझे महिने त्याने चिमट्याने ओढून काढले
आणि न हसता ओळीने मांडून ठेवले.
"होडी असो नायतर घर, वयनी,
पाण्याक फट बरोबर गावता."
काथ्या वळत, ठासत, वरून राळ चोळत
दिवसभर खपला, एका खिडकीसाठी,
जणू उद्या पहाटे तिला पाण्यात लोटायचं आहे.

उंडीच्या तेलाचा वास खोलीभर पसरला
तसे आबा खाटेवर जरा वर सरकले.
"खयची होडी रे ती?"
मेस्त थांबला. माझ्याकडे पाहिलं त्याने.
"तुमचीच, तांडेलानू," म्हणाला,
आणि पुन्हा ठोकू लागला.

त्या रात्री दिव्याची वात पहिल्यांदा सरळ जळली.
आबा खोकले दोनदाच.
मग पहाटे चारला,
"वारो पडलो काय गो?"

तेव्हा मला उमगलं, चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला हा माणूस
गेली चार वर्षं खाटेवरून काय ऐकत होता.
खालचा वारा असला की फट शीळ घालायची, बारीक, न थांबता.
वरचा असला की कडी वाजायची.
आणि मतलई सुटली की आवाज नसायचाच काही,
पडदा नुसता ओढला जायचा बाहेरच्या बाजूला,
कुणी हात धरून नेल्यासारखा.

खिडकी परत फोडणार थोडीच?
मी मागल्या दारी जाते.
पहाटे चारला, शाल डोक्यावरून घेऊन,
बोट तोंडात ओलं करून वर धरते
लहान मुलासारखं,
कुठली बाजू गार लागते ते बघते,
आणि येऊन सांगते.
ते मान हलवतात. डोळे मिटतात.
मनात कुठल्या होडीचं शीड वळवतात, विचारत नाही.

माघात एकदा मला ताप होता.
दारापर्यंतच गेले, बोटबीट काही नाही,
येऊन म्हटलं, "खालचो असा, आबा."

"खोटां सांगतंस," ते म्हणाले. रागाने नाही.
"मतलई सुटली. तुज्या पदराक
काजीच्या मोहराचो वास येता."

मी पदर नाकाशी नेला. मला काहीच आला नाही.
तापाचा, फार तर बामचा.

आता मी सांगत नाही.
मागल्या दारी थोडी उभी राहते
आणि येऊन त्यांच्या उशाशी, बस.
कधी सुक्या बांगड्यांचा येतो म्हणतात,
कधी नुसतं "हं."
परवा म्हणाले, पाऊस लांब आहे अजून, झोप जा.

खिडकी चांगली बसली आहे. लाल दिवा दिसत नाही.
मेस्ताचे साडेसहाशे द्यायचे राहिलेत,
दोनदा गेले, घेत नाही,
म्हणतो, होडी पाण्यात उतरली की बघू.